उशिराला पत्ता असतो

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आढावा बैठकीत रस्त्याच्या कामाला उशीर का होतोय असं विचारल्यावर तू 'भूसंपादन, युटिलिटी (म्हणजे वाटेतले खांब, नळ, केबल) आणि पाऊस' अशी तीन कारणं सांगितलीस, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय निघाला. घरी आल्यावर तुला वाटत राहिलं की आपण खोटं बोललो नाही, पण काही सांगितलंही नाही. तुझं वाटणं अगदी बरोबर आहे, म्हणूनच एवढं लांब लिहायला बसलोय.

ही तीन कारणं महाराष्ट्रातल्या कुठल्याही रखडलेल्या रस्त्याला लागू पडतात, आणि त्यामुळेच तुझ्या रस्त्याबद्दल ती काहीच सांगत नाहीत. रस्ता सगळीकडे सारखा अडत नाही. तो एखाद्या साखळी क्रमांकाला, म्हणजे सुरुवातीपासून मोजलेल्या एका ठरावीक अंतराला अडतो, तिथल्या एका गटात, एका खांबापाशी, एका विहिरीपाशी. त्या खांबाची फाइल कुठल्या तरी टेबलावर असते आणि त्या टेबलावर कुणाची तरी सही राहिलेली असते. उशिराला असा पत्ता असतो. तो सापडेपर्यंत बैठका कितीही झाल्या तरी रस्ता हलत नाही. पुढे जे लिहितोय ते पत्ता कसा काढायचा आणि काढल्यावर काय करायचं याबद्दल आहे.

तुझी नेमणूक कोकणात आहे, म्हणून कोकणातलंच उदाहरण घेतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या, माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. त्याच महामार्गावर पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ च्या अखेरीस हाती घेतलं होतं. पुलाचं काम संपलं तेव्हाही ते अर्धवटच होतं, आणि पुढेही कित्येक वर्षं तसंच राहिलं. दोन्हीकडे पाऊस तोच, कातळ तोच, सिमेंट-खडी तीच. मग फरक कशाने पडला?

सावित्रीच्या पुलाला जागेचा मोठा प्रश्न नव्हता, पैसा तयार होता, आराखड्याला मंजुरी देणारे रोज विचारणा करत होते आणि एका कार्यालयाचं पत्र दुसऱ्या कार्यालयात महिनाभर पडून राहत नव्हतं. म्हणजे तिथे बांधायला वेळ लागला, वाट पाहण्यात गेला नाही. पनवेल-इंदापूरला बहुतेक वर्षं वाट पाहण्यात गेली. तुझ्या टप्प्याचा कार्यक्रम काढून बघ. त्यात खोदाई, भराव, जीएसबी आणि डब्ल्यूएमएम हे खडीचे थर, डांबरी थर यांच्या आडव्या पट्ट्या दिसतील. वाट पाहण्याची पट्टी त्यात कुणी काढलेली नसेल. ती तू काढ. तुझी बहुतेक वर्षं त्या पट्टीतच जाणार आहेत.

आता जमिनीकडे येतो. इथे सावकाश जाणार आहे, कारण बहुतेक उशीर इथेच जन्माला येतो आणि तरुण अभियंते हा विषय 'तो महसूलचा' म्हणून सोडून देतात.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या कायद्याने घेतात. आधी थ्री-ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी अधिसूचना निघते, तिच्यावर २१ दिवसांत हरकती येतात, त्यांची सुनावणी होते आणि मग थ्री-डी, म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. थ्री-ए नंतर वर्षाच्या आत थ्री-डी निघाली नाही तर थ्री-ए रद्द होते आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आपल्या टप्प्यातल्या प्रत्येक गावाच्या थ्री-ए ची तारीख तुला पाठ हवी. अकराव्या महिन्यात प्रांत कार्यालयात जाऊन काही होत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलीस तर बरंच होतं. २०१८ मध्ये भूमिराशी हे पोर्टल आल्यापासून अधिसूचनेचा मसुदा दिल्लीला जाऊन परत येण्यातला वेळ पुष्कळ कमी झाला. पण पोर्टलमध्ये जे गट नंबर भरले जातात ते चुकीचे किंवा अपुरे असले तर चूकही तितक्याच वेगाने राजपत्रात पोचते.

कोकणात तर सात-बारा आणि जमिनीवरची वहिवाट यांची गाठ क्वचितच पडते. एका हिश्श्याला पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंद नाही, पोटहिस्से कधी मोजलेलेच नाहीत. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूकरमापक येतो, जे हजर असतात ते बांध दाखवतात आणि गैरहजर सहहिस्सेदाराची हरकत नंतर येते. म्हणून मोजणीची नोटीस निघाली की तू स्वतः गावात निरोप पोचव. सरपंच, पोलीसपाटील, वाडीचा गावकर, मुंबईतल्या ग्राममंडळाचा कार्यवाह, सगळ्यांना. मोजणी शनिवारी-रविवारी किंवा शिमग्याच्या सुट्टीला जोडून ठेवता आली तर चाकरमानी हजर राहू शकतात. हे कुठल्याही परिपत्रकात नाही, पण एकदा ती माणसं बांधावर समोरासमोर उभी राहिली की पुढच्या हरकती निम्म्याने गळतात.

सगळ्यात दगा देतात ते सुटलेले गट. आखणी रस्त्याच्या मध्यरेषेवरून केलेली असते, वळणावर किंवा पुलाच्या जोडरस्त्याशी चार-दोन गुंठे अधिसूचनेतून सुटतात आणि ते लक्षात येतं भराव तिथवर आल्यावर. मग त्या चार गुंठ्यांसाठी पुन्हा थ्री-ए, पुन्हा सुनावणी, पुन्हा निवाडा. पाचशे मीटरचा भराव त्या चार गुंठ्यांशी थांबलेला मी पाहिलाय, आणि पावसाने त्याचं उघडं तोंड खचतानाही पाहिलंय. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. रुजू झाल्याबरोबर गावनकाशावर हद्दीच्या दोन्ही रेषा आखून घे, ज्या ज्या गटाला त्या स्पर्श करतात त्यांची यादी कर आणि ती राजपत्रातल्या यादीशी एकेक करून ताडून बघ. सल्लागाराने हे केलंय असं तुला सांगतील. तरी कर.

मोबदल्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घे, कारण तिच्याबद्दलच्या अज्ञानापायी कामं विनाकारण थांबतात. मोबदला कमी वाटला तर शेतकऱ्याला लवादाकडे जाता येतं. वाटा कुणाचा किती यावर भाऊबंदकी असेल तर सक्षम प्राधिकारी, म्हणजे भूसंपादन करणारा अधिकारी, तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो. पण रक्कम जमा झाली आणि साठ दिवसांच्या ताब्याच्या नोटिशीची मुदत संपली की जागेचा ताबा घेता येतो; वाटणीचा वाद ताब्याच्या आड यायला नको. परशुराम घाटात देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यातला मोबदल्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि तेवढा पट्टा इतर सगळ्या कामाच्या मागे राहिला. तिथल्या कुठल्याच पक्षाला मी दोष देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा हक्क माणूस असा सोडत नाही आणि सोडूही नये. माझं म्हणणं इतकंच, की असा वाद आहे हे फेरफार आणि कुळाची नोंद वाचल्यावर पहिल्या वर्षीच कळतं. कळल्याबरोबर प्रांतांना लेखी कळवलं तर रक्कम न्यायालयात जमा करून पुढे जाण्याची तयारी वेळेत होते.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण तुझ्या तोंडावर फेकलं जाईल. 'ते झालं, मग तुमचं का नाही?' त्याचा अभ्यास कर, दडपून जाऊ नकोस. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यालाही सुरुवातीला कडवा विरोध झाला होता. आधी भूसंचयाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना मांडली गेली. ती शेतकऱ्यांना पटली नाही, तेव्हा थेट खरेदीचा मार्ग मुख्य झाला. रक्कम बाजारमूल्याच्या कित्येक पट होती आणि खरेदीखत झाल्यावर ती खात्यात जमा होत होती. गावोगाव फक्त बोलण्यासाठी माणसं नेमली होती. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. आणि तरीही इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, कारण तिथे सह्याद्री आडवा होता, सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा होता, उंच पूल होते. जमीन मिळवणं सुटलं की बांधकामाचा खरा वेळ उघडा पडतो. तो वेळ पैशाने किंवा दबावाने फारसा कमी होत नाही.

आता टक्केवारी. 'नव्वद टक्के जागा ताब्यात आहे' हे वाक्य तू दर महिन्याला अहवालात लिहितेस. ईपीसी कंत्राटात (आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळं ठेकेदाराकडे, पैसा सरकारचा) काम सुरू करायला साधारण तेवढी आणि हॅममध्ये (थोडा पैसा सरकारचा, थोडा ठेकेदाराचा) ऐंशी टक्के जागा लागते, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर असतं. पण दहा किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला शंभर मीटर जागा अडलेली असली तरी ताबा नव्वद टक्केच दिसतो. प्रत्यक्षात सलग तुकडा नऊशे मीटरहून मोठा कुठेच नसतो. पेव्हर, म्हणजे थर पसरवणारं यंत्र, तिथे उतरवून, चालवून, पुन्हा ट्रेलरवर चढवून पुढच्या तुकड्यावर न्यायचा, यात दिवसाचं काम निम्म्यावर येतं. काँक्रीटचा स्लिपफॉर्म पेव्हर असेल तर ठेकेदार तो आणतच नाही. उलट दहा किलोमीटरच्या शेवटी एक किलोमीटर सलग अडलेला असेल तर तेवढ्याच नव्वद टक्क्यांत नऊ किलोमीटर रस्ता पूर्ण होतो. म्हणून टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना घाल: सर्वांत लांब सलग तुकडा किती. आणि ताबा मिळवायची धडपड कुठे करायची तेही त्यावरूनच ठरव. जिथे एक घर हललं की दोन तुकडे जोडून तीन किलोमीटर होतात, तिथे आधी जा. सोपं घर आधी आणि अवघड नंतर, हा क्रम अहवालाला बरा दिसतो, पण त्यातून रस्ता मिळत नाही.

या तुकड्यांचा संबंध पैशाशी कसा जुळतो तेही पाहून ठेव. पनवेल-इंदापूरचं काम 'बांधा-वापरा-हस्तांतरित करा' तत्त्वावर दिलं होतं. जागा तुकड्यांत मिळाली, कर्नाळा अभयारण्यातून जाणाऱ्या भागाच्या वन्यजीव परवानग्यांना वेळ लागला, टोल सुरू होण्याची तारीख पुढे सरकली आणि कर्जाचं व्याज मात्र थांबलं नाही. बँका हात आखडतात तेव्हा ठेकेदार यंत्रं दुसऱ्या कामावर पाठवतो. त्यानंतर जागा मिळाली तरी काम करायला माणूस नसतो. देशभर अशी बरीच कामं अडकल्यावर २०१६ मध्ये हॅम आलं. त्यात खर्चाचा ४० टक्के वाटा सरकार बांधकाम चालू असतानाच देतं आणि उरलेला पंधरा वर्षांच्या हप्त्यांत. त्याने बरंच सावरलं. पण जागेच्या उशिराचं पैशाच्या उशिरात रूपांतर होणं अजून थांबलेलं नाही.

राज्याच्या निधीतल्या कामांवर तर ठेकेदाराची देयकं थकणं हेच मोठं कारण झालंय. ते तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते मोजमाप. काम झालं, नमुने तपासले गेले आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद तीन आठवड्यांनी, मग उपविभागात तपासणी, मग विभागात, असं करत एक देयक दीड-दोन महिने आपल्याच कार्यालयात फिरतं. डिझेलवाला आणि खडीवाला तोवर थांबत नाहीत. आठवड्याचं मोजमाप त्याच आठवड्यात लिही. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. निविदा वीस-पंचवीस टक्के कमी दराने घेतलेली असेल तर आणखी सावध राहा. अशांकडून जादा सुरक्षा अनामत घेतात, तरी तसा ठेकेदार पहिल्या सहा महिन्यांत फायद्याच्या बाबी, म्हणजे खोदाई आणि भराव, उरकतो आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा), संरक्षक भिंती, गटारं यांच्याकडे वळत नाही. मोऱ्या आधी, भराव नंतर, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धर. मोरीच्या जागी खिंडार ठेवून दोन्ही बाजूंनी भराव केला की ते खिंडार पुढची दोन वर्षं तुझ्या मागे लागतं.

विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या आणि केबल यांच्याबद्दल फार लिहीत नाही; थोडक्यात सांगतो. अंदाजपत्रक महावितरणकडून मंजूर करून घेणं, देखरेख शुल्क भरणं, वीजबंदचा दिवस मिळणं, या तिन्हींसाठी वेगवेगळी माणसं असतात. ती कोण हे आधी शोध आणि तिन्ही पावलं एकदम सुरू कर. गावच्या नळपाणी योजनेची वाहिनी कुठून गेलीय हे कागदावर बहुधा नसतंच. ते ठाऊक असतं पाणी सोडणाऱ्या माणसाला. त्याला सोबत घेऊन दोन्ही कडा चाल, चुन्याने खुणा कर आणि नकाशावर उतरव. वाहिनी फुटली, गावाला आठ दिवस पाणी आलं नाही आणि बायकांनी काम बंद पाडलं, तर तो उशीर मला न्याय्यच वाटतो.

मुरूम आणि खडी. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार प्रकरणात लहान क्षेत्राच्या गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली, आणि त्यानंतर कित्येक ठिकाणच्या खाणी बंद झाल्या. तो निर्णय योग्यच होता. नद्या आणि डोंगर ओरबाडून रस्ते करायचे नाहीत. पण त्यामुळे खाण मंजूर होऊन खडी येण्यापर्यंतचा वेळ कामाच्या कार्यक्रमात धरायला हवा, आणि तो अजूनही धरला जात नाही. खनिकर्म अधिकाऱ्यांकडचा अर्ज, तहसीलदारांचा परवाना, स्वामित्वधन, वाहतूक पास, क्रशरची प्रदूषण मंडळाची संमती, हे सगळं ठेकेदाराचं काम असलं तरी कुठलं कुठे पोचलंय हे तुला ठाऊक हवं. बुलढाणा जिल्ह्यात याच अडचणीतून चांगला तोडगा निघाला. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतली. रस्त्याला माल मिळाला आणि गावांत पाणीसाठा वाढला. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून त्याचं नाव झालं. कोकणात गाळ वेगळा असतो, भरावाला सरसकट चालणार नाही. तरी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नाही म्हणू नकोस.

पावसाला आपण कारण म्हणतो, पण तो दरवर्षी जूनमध्ये येणार हे बांधकाम खात्याच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. जास्त नुकसान पावसाळा संपल्यावर होतं. कोकणातला हंगाम कागदावर ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. प्रत्यक्षात बघ. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी खड्डे बुजवायचा आदेश निघतो आणि सगळी यंत्रं, माणसं तिकडे वळतात. चाकरमान्यांना सुखरूप गावी पोचवणं आपलं कर्तव्यच आहे, त्यात दुमत नाही. पण तेवढ्यासाठी वेगळी तुकडी राखून ठेवलेली नसते, त्यामुळे मुख्य कामाची तयारी मोडते. ऑक्टोबरात अजून जमीन ओली असते. मग दिवाळी, आणि पाठोपाठ छठ. बिहार-झारखंडकडचे कामगार गावी जातात ते नोव्हेंबरच्या शेवटी परततात. तोवर डांबराच्या प्लँटची दुरुस्ती निघते, खाणीचा परवाना संपलेला आढळतो, मिक्स डिझाइन, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण, पुन्हा ठरवायचं असतं. होळीला कामगार पुन्हा जातात. हाती खरे पाचच महिने उरतात.

म्हणून जून ते सप्टेंबर हा कामाचाच हंगाम समज. रेखाचित्रांच्या मंजुऱ्या, खडीचे नमुने, मिक्स डिझाइन, खाणीचं नूतनीकरण, युटिलिटीची अंदाजपत्रकं, राहिलेली देयकं, सगळं या चार महिन्यांत संपव. कास्टिंग यार्डावर छप्पर असेल तर गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, ओतता येतात. ठेकेदाराकडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याची यंत्रांची आणि माणसांची यादी ऑगस्टमध्येच लेखी घे. आणि भर पावसात आखणीवरून चाल. डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, न दिसलेला प्रत्येक वहाळ (ओढा) तेव्हा दिसतो. शेतकरी सांगतो, 'मॅडम, हिथून पाणी जातं', आणि आराखड्यात तिथे मोरी नसते. ती जुलैत सापडली तर बदलाच्या प्रस्तावाला वेळ मिळतो. भराव झाल्यावर सापडली तर पुढच्या जुलैत भराव वाहून गेलेला असतो. घाटात तर डोंगराच्या पोटातलं पाणी पाहिल्याशिवाय कापणीचा उतार ठरवूच नये. जांभ्याखालची चिकण माती उघडी पडली की ती पाणी पिते आणि वरचा कातळ सोडून देते. दरड आल्यावर रस्ता बंद, मग पुन्हा अभ्यास, पुन्हा भिंत, पुन्हा निविदा.

गावाच्या मागण्या हेही उशिराचंच कारण म्हणून लिहिलं जातं. भुयारी मार्ग हवा, सेवारस्ता हवा, शाळेपाशी वळण हवं. मला हा शब्दप्रयोगच खटकतो. चौपदरी रस्ता झाला की ज्याचं घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, त्याने बैल आणि नांगर कुठून न्यायचे? हा प्रश्न आराखडा करतानाच विचारायला हवा होता. विचारला नाही, म्हणून आंदोलन झालं आणि तीन वर्षांनी भुयारी मार्ग मंजूर झाला. तुझ्या टप्प्यात अशी किती ठिकाणं उरलीयत ते आत्ताच बघ. गुरं कुठून ओलांडतात, प्रेतयात्रा कुठून जाते, पालखी कुठून फिरते, शाळेची मुलं कुठे उभी राहतात, हे ग्रामसभेत बसल्याशिवाय कळत नाही. योग्य असेल तो बदल लगेच पुढे पाठव. होणार नसेल तो होणार नाही, असं तोंडावर सांग. 'बघू' हा शब्द तुझ्या कारकिर्दीत वापरू नकोस. 'बघू' ऐकून परत गेलेला माणूस पुढच्या वेळी पन्नास माणसं घेऊन येतो.

इतकं सगळं उशीर टाळण्याबद्दल लिहिल्यावर एक गोष्ट तितक्याच आग्रहाने सांगतो. तारखेसाठी धोका पत्करायचा नाही. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर आणि ते उचलणारं यंत्र कोसळलं. वीस माणसं गेली, सगळी आपल्या गावापासून लांब कामाला आलेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरच्या उड्डाणपुलाचे गर्डर पडले. तिथे जीवितहानी टळली, पण आराखडा नव्याने तपासावा लागला आणि पूल आणखी मागे गेला. घाईनेच हे झालं असं मी म्हणत नाही, ते ठरवायला चौकशी समित्या असतात. पण ताण असलेल्या जागी रात्री उभं राहून 'आज हे थांबवा' म्हणण्याचा अधिकार तुला आहे. यंत्राचं तपासणी प्रमाणपत्र, काँक्रीटची ताकद, टेकूंची मांडणी यात शंका असेल तर काम थांबव आणि त्याच क्षणी कारण लिहून वरिष्ठांना कळव. उद्घाटनाची तारीख ठरलीय असं कुणी सांगितलं तरी. तो उशीर स्वतःच्या सहीने नोंदव.

नोंदीचं आता सांगून टाकतो. अडथळ्यांची नोंदवही प्रत्येक कामावर असते आणि बहुतेक ठिकाणी ती मुदतवाढीचा प्रस्ताव करायच्या वेळी एका बैठकीत भरली जाते. मग ठेकेदार म्हणतो सगळा उशीर खात्याचा, खातं म्हणतं ठेकेदाराचा, आणि लवादापुढे दोन्ही बाजूंना पुरावा नसतो. तू ती रोज भर. साखळी क्रमांक कुठून कुठपर्यंत, डावी बाजू की उजवी, अडथळा काय, कुठल्या तारखेला सुरू झाला, तो कोण दूर करू शकतं, त्यांना पत्र कधी गेलं, उत्तर कधी आलं, अडथळा कधी सुटला. ज्या दिवशी ठेकेदाराला मोकळी जागा होती आणि त्याने यंत्र आणलं नाही, त्या दिवशी तेही लिही. ज्या दिवशी आपल्या कार्यालयातून रेखाचित्र आलं नाही म्हणून तो थांबला, त्या दिवशी तेही तितक्याच स्पष्टपणे. आपल्या बाजूचं लपवलंस तर उरलेल्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही. काहीजण तुला सांगतील की असं लिहून तू खात्याला अडचणीत आणतेस. माझं मत नेमकं उलटं आहे: दिवसागणिक केलेली नोंद हीच खात्याची लवादापुढची बाजू असते.

याच नोंदवहीतून एक लांब पट्टी-नकाशा करून भिंतीवर लाव. किलोमीटर आडवे मांड, दोन्ही बाजू वेगळ्या रंगव. मोकळा भाग हिरवा, अडलेला लाल, आणि लाल तुकड्याखाली त्या टेबलाचं नाव आणि तारीख. पुढच्या आढाव्याला तीच पट्टी घेऊन जा. 'भूसंपादन' न म्हणता सांग: या साखळी क्रमांकावर दोन घरांचं मूल्यांकन उपविभागात अमुक तारखेपासून आहे, ते झालं तर इतका सलग तुकडा मोकळा होतो. ज्याच्या टेबलाचं नाव आहे तो बैठकीत समोरच बसलेला असतो. आधी तो चिडेल. म्हणून बैठकीच्या दोन दिवस आधी त्याच्याकडे जाऊन पट्टी दाखव आणि त्याला काय हवंय ते विचार. कित्येकदा त्याला फक्त एक नकाशाची प्रत किंवा झाडांची यादी हवी असते आणि ती आपल्याच कपाटात असते. फळझाडांच्या मूल्यांकनात हे फार घडतं. हापूसच्या कलमाचं वय आणि उत्पन्न यावर कृषी खात्याचा अहवाल लागतो, आणि मोजणीच्या दिवशी त्यांचा माणूस बोलावलेलाच नसतो.

तलाठी, भूकरमापक, वायरमन, वनरक्षक या माणसांशी नातं जोडून ठेव. साहेबांच्या पत्राने फाइल हलते, पण ती कुठे अडलीय हे यांच्याकडूनच कळतं. त्यांच्याकडे काम असेल तेव्हाच जाऊ नकोस. त्यांच्याही अडचणी असतात. एका भूकरमापकाकडे अख्ख्या तालुक्याच्या मोजण्या असतात आणि जायला वाहन नसतं. आपली गाडी पाठवली तर मोजणी आठवडाभर आधी होते.

जून लागायला आता फार दिवस नाहीत. तोवर सगळं होणार नाही, म्हणून क्रम सांगतो. आधी अर्धवट मोऱ्या आणि उघडे भराव यांची यादी कर; ज्यांचं तोंड वहाळाकडे आहे त्यांचं दगडी पिचिंग (उतारावरचं दगडांचं अस्तर) आणि तात्पुरती गटारं मे महिन्यात पूर्ण करून घे, बाकी कामं मागे पडली तरी चालेल. मग थ्री-ए च्या तारखा. मग सुटलेल्या गटांची ताडणी, ती तू पावसातही घरी बसून करू शकतेस. पट्टी-नकाशाचा पहिला मसुदा तयार झाला की मला पाठव, कच्चा असला तरी पाठव. त्यावर लाल पेन घेऊन बसेन आणि तुला फोन करेन.

तब्येतीला जप. उन्हाचं डोक्यावर काहीतरी घेत जा.

तुझा,
सर